आत ऐकलेलं

ढिगाऱ्यात शिरण्याआधी उस्ताद केस विंचरायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. शिरवळजवळ एका बंद पडलेल्या कारखान्यामागे कामगारांच्या जुन्या खोल्या होत्या. काही अर्ध्या पाडलेल्या, काही आपण होऊन बसलेल्या. तिथं आमचं प्रशिक्षण चालायचं. इमारत कोसळली की आत अडकलेल्या माणसाला बाहेर कसं काढायचं, ते शिकायला सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून अग्निशमनवाले, स्वयंसेवक, कुणी कुणी यायचे. शिकवणारे उस्ताद. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. ते फौजेतूनच निवृत्त झालेले, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, मिशीला कलप, कानामागे अत्तर. गुडघ्यावर बसायचे, खिशातला कंगवा काढायचे, भांग सारखा करायचे आणि मग हेल्मेट चढवून पालथे होऊन त्या भोकात सरकायचे.

मी हसले ते त्यांनी पाहिलं. बाहेर आल्यावर धूळ झटकत म्हणाले, "हसलीस ते बरं झालं. पर एक सांग. आतल्या पावण्याला पैल्यांदा काय दिसतंय? आपलं तोंड. भूत आलं असं वाटाय नगं त्याला."

ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसाला ते पावणा म्हणायचे. 'मुडदा' हा शब्द कुणी उच्चारला, तर त्याला मैदानाला पाच चकरा. 'व्हिक्टिम' म्हटलं तर दोन. "इंग्रजीत बोललास म्हनून सूट," असं वर म्हणायचे. ढिगाऱ्याला ढिगारा म्हटलेलंही त्यांना खपायचं नाही. "घर हाय ते. पडलं तरी घरच हाय. कुनाच्या तरी सैपाकघरावर हुबा हायस तू, नीट पाय ठिव."

आज त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी असं हसू येतं, आणि मग मान खाली जाते. दोन्ही खरं आहे, आणि एकातून दुसरं वेगळं काढता येत नाही मला.

मी इस्लामपूरची. माझे वडील नगरपालिकेत बंबावर ड्रायव्हर होते. ते नोकरीत असतानाच गेले, आणि त्यांच्या जागी अनुकंपेवर मला घेतलं. बाई आहे म्हणून आधी ऑफिसात बसवत होते. मी भांडून बंबावर गेले. आईला ते मुळीच आवडलं नव्हतं. आगीपेक्षा तिला माणसांची भीती जास्त. "पोरी, तिथं समदी मोठ्या घरची पोरं असत्याली. कुनी कायबाय बोललं तर?" आमच्या आजोबांच्या पिढीत दीक्षा घेतलेली, घरात सगळे शिकलेले, तरी ही भीती काही आईच्या पोटातून गेली नव्हती. मी शिरवळला निघाले तेव्हा तिनं डब्यात नेहमीपेक्षा जास्त भाकऱ्या घातल्या. कुणाकडं मागायची वेळ येऊ नये म्हणून.

पहिल्याच दिवशी दुपारी उस्ताद माझ्याजवळ आले, माझी पाण्याची बाटली उचलली आणि तोंड लावून अर्धी रिकामी केली. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं. अशा गोष्टी आम्हाला मुद्दाम बघाव्या लागत नाहीत, आपोआप दिसतात. त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं, "काळजी करू नगं. मानूस चांगला हाय."

ते पलूसकडचे. घरचा ऊस, घरची द्राक्षं. हंगामात द्राक्षांच्या पेट्या घेऊन यायचे आणि प्रत्येकाच्या हातात एकेक घड स्वतः ठेवायचे. खाताना मात्र कुणी बोललेलं चालायचं नाही, कारण त्यांच्या मते खाणं हाही सराव होता. पडलेल्या घरात सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे शांतता. एक लांब शिट्टी झाली की सगळं बंद. कटर बंद, जनरेटर बंद, बोलणं बंद, मग आतून येणारा आवाज ऐकायचा. एकदा अशा शांततेत विट्याच्या एका पोराच्या पोटात गुडगुडलं. उस्ताद त्याच्याकडं वळून इतक्या गंभीरपणे म्हणाले, "पोट बंद कर," की बिचाऱ्यानं खरोखर पोटावर हात दाबून धरला.

कुठंही गेले तरी ते खांबांवर बोटाच्या पेरानं ठोकायचे. बँकेत, एसटी स्टँडवर, हॉटेलात. आमच्यातल्या एकाचं लग्न होतं, पलूसच्या बाजूला. कार्यालय मोठं, वर गॅलरी, गॅलरीखाली नवरदेवाकडची मंडळी बसलेली. उस्ताद आत आले, एका खांबावर ठोकलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. मग गळ्यातली शिट्टी काढून एक लांब वाजवली. सनईवाला थांबला. भटजी थांबले. उस्तादांनी वऱ्हाडाला उठवून उन्हात नेऊन बसवलं. मुलीचे वडील हात जोडत होते, मुलाचे चुलते अंगावर धावून येत होते, आणि उस्ताद शांतपणे म्हणत होते, "अक्षता पडूंद्या. गॅलरी नगं पडाय."

ती गॅलरी पडली नाही. अजून उभी आहे. नंतर आम्ही त्यांना त्यावरून चिडवायचो. ते म्हणायचे, "हुबा हाय म्हंजी बरा हाय असं नसतंय रं. आतनं काय झालंय ते बाहेरनं दिसत न्हाई."

त्यांचं शिकवणं ऐकायला मला फार आवडायचं. माणूस ओढायचा नाही. "मुळा हाय व्हय उपटाय?" आतल्याला कधी वेळ सांगायची नाही. "पाच मिन्टात काढतो म्हनालास आन् न्हाई काढलास, तर तुझा आवाज त्याच्यासाठी मेला. मग तू कितीबी बोल, त्यो ऐकणार न्हाई." काळजी करू नका असंही म्हणायचं नाही. "त्यानं न्हाई करायची तर कुनी करायची? तू सांग, मी हितं हाय. तेवढंच खरं हाय, तेवढंच सांग."

आणि सगळ्यात मोठा नियम : आत ऐकलेलं आतच ठेवायचं.

हा नियम त्यांनी कसा शिकवला ते मी विसरणार नाही. जेवायची वेळ होती. साताऱ्याकडच्या एकानं रंगात येऊन गोष्ट सुरू केली. पावसाळ्यात त्याच्या गावात एक घर बसलं होतं, आत एक म्हातारा अडकलेला. आता आपण मरतो असं वाटून म्हाताऱ्यानं ह्याच्याजवळ घरातली काय काय गुपितं बोलून टाकली होती. धाकटा मुलगा आपला नाही, वगैरे. सगळे हसत होते. उस्तादांनी ताट खाली ठेवलं.

"उठ," ते म्हणाले. "हात धू. आन् घरी जा."

त्याला वाटलं गंमत आहे.

"आत मानूस नागडा असतोय. अंगावर कापडं असली तरी नागडाच असतोय. त्याचा फोटू काढून तू हितं आमाला दाखवाय लागलायस. जा, एसटी धर."

आणि खरंच त्याला त्या दुपारी परत पाठवलं. मग आमच्याकडं वळून हळू म्हणाले, "भ्यालेला मानूस कायबी बोलतोय. आईला हाका मारतोय, शिव्या देतोय, पाप सांगतोय. ते आपुन ऐकायचं आन् तितंच ठिवून यायचं. बाहेर आल्यावर त्याला आपल्याकडं बघून खाली मान घालाय लागली, तर आपुन त्याला काढलाच न्हाई असं समजा."

मला तेव्हा वाटलं, इतकं सुंदर कुणी काही बोललेलं मी ऐकलेलं नाही.

तो दिवस शेवटच्या प्रात्यक्षिकाचा होता. काही अधिकारी बघायला येणार होते. मैदानावर खुर्च्या मांडून झाल्या होत्या. कोपऱ्यातल्या खोलीचा स्लॅब एका बाजूनं खाली आलेला होता, त्याला आम्ही लाकडी टेकू दिले होते, आणि खालच्या पोकळीत एकानं अडकल्याचं सोंग करून पडायचं होतं. उस्तादांची पद्धत अशी की, कुणालाही आत पाठवण्याआधी ते स्वतः जाऊन पडून यायचे. त्या दिवशीही केस विंचरून गेले. आदल्या आठवड्यात वळवाचा जोर होता आणि मागची भिंत आतून भिजलेली होती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही नाही.

फार मोठा आवाज झाला नाही. पोतं टाकल्यासारखा एक धप् आवाज, आणि धूळ.

मला आठवतं, आमच्या वर्गातल्या कऱ्हाडच्या अग्निशमन जवानानं शिट्टी मारली. एक लांब. सगळे थांबले. आतून उस्तादांचा आवाज आला, "जित्ता हाय." आमच्यात सगळ्यात बारीक मी. भोक होतं त्यातून मीच जाऊ शकत होते. कऱ्हाडच्या जवानानं माझ्या कमरेला दोर बांधला आणि म्हणाला, "मी भोकाच्या तोंडाशीच हाय." मी सरकत गेले.

ते कमरेखाली दाबले गेले होते. डोकं आणि एक हात मोकळा. टॉर्चच्या उजेडात मिशीवर पांढरी धूळ बसलेली दिसली, त्यामुळं एकदम म्हातारे वाटले. मी त्यांचा हात धरला आणि त्यांनीच शिकवलेलं म्हणाले, "उस्ताद, मी हितं हाय."

सुरुवातीला ते शिकवतच होते. टेकू किती उरलेत बघ. पाय जाणवतायत का मला विचार. बोटं हलतायत का विचार. मी विचारत होते, ते उत्तर देत होते, आणि मधेच, "शाब्बास, आता पाणी मागितलं तर काय करशील?" असा प्रश्नही विचारत होते. मला धीर येत होता. मग हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. श्वास जोरात यायला लागला. वरून माती सांडायला लागली की ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा, "आये," म्हणाले. मग पुन्हा. मग रडायला लागले. मी त्यांच्या हातावरून हात फिरवत राहिले. यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं. असंच होतं हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

जॅक लागणार होता. त्या अरुंद जागेत तो माझ्या मागून सरकवता येत नव्हता. मला बाहेर जाऊन, तो पुढं धरून, परत यावं लागणार होतं.

"उस्ताद, मी मागं सरकते. जॅक आनते. हात सोडा."

"नगं."

"लगेच येते."

"नगं जाऊ. सोडून नगं जाऊ मला."

"उस्ताद, हात सोडा."

त्यांनी मनगट आणखी आवळलं. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मला ते करावंच लागलं. मी मागं सरकायला लागले, आणि तेव्हा ते ओरडले. तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"जा! शेवटी जातीवर गेलीस! तुमची जातच तसली!"

मी थांबले नाही. मागं सरकता सरकता थांबता येत नाही, दोर ओढत असतो. बाहेर आले तर ऊन होतं. खुर्च्या होत्या. कऱ्हाडचा जवान माझ्याकडं बघत होता आणि मग एकदम जॅककडं बघायला लागला. म्हणजे त्यानं ऐकलं होतं.

लाज त्यांना वाटायला हवी होती. वाटली मला. ऐन उन्हात, सगळ्यांसमोर, माझ्या अंगावरचं काहीतरी उघडं पडलंय असं वाटून मी ओढणी सारखी करायला हात नेला. अंगावर गणवेश होता. ओढणी नव्हतीच.

जॅक घेऊन मी परत आत गेले. लोक याला मोठेपणा म्हणतात. तो मोठेपणा नव्हता. मी गेले नसते तर ते वाक्य खरं ठरलं असतं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं आणि माझ्या जागी दुसरं कुणी, तर त्या बाईला निदान भिण्याची तरी मोकळीक असती. बाहेर बसून, 'मला नाही जमणार,' म्हणण्याची. माझ्याजवळ तेवढीही जागा उरली नव्हती. त्या बोलण्यापेक्षा याचाच मला जास्त राग आला, आणि अजून येतो.

मी पोचले तेव्हा ते म्हणाले, "आलीस?"

मी जॅक लावायला लागले.

"टॉर्च इजीव," ते म्हणाले.

"उजेड लागंल, उस्ताद."

मग त्यांनी मान भिंतीकडं वळवली आणि शेवटपर्यंत तशीच ठेवली.

आम्ही त्यांना बाहेर काढलं तेव्हा टाळ्या झाल्या. त्यांना टाळ्या अजिबात आवडत नसत, पण त्या दिवशी त्यांनी कुणाला थांबवलं नाही. मोकळ्या हातानं डोळे झाकून स्ट्रेचरवर पडून राहिले. अधिकाऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कऱ्हाडचा जवान संध्याकाळी चहाच्या टपरीवर माझ्याजवळ येऊन बसला. भला माणूस होता. कप फिरवत म्हणाला, "मनाला लावून घिऊ नगंस. भ्यालेला मानूस कायबी बोलतोय." आणि मग, जणू मला काही देतोय अशा आवाजात, "आत ऐकलेलं आतच."

मी मान हलवली. माणूस भीतीपोटी काहीही बोलेल, हे मला मान्य होतं. पण ते वाक्य त्यांनी तिथं, त्या अंधारात तयार केलं नव्हतं. ते आधीपासून कुठंतरी होतं. द्राक्षांच्या घडाखाली, माझ्या बाटलीतल्या पाण्याखाली, कुठंतरी होतंच.

साताऱ्याच्या दवाखान्यात आम्ही सगळे त्यांना भेटायला गेलो. पायात सळई घातली होती. ते सगळ्यांशी बोलले. मी पुढं झाले तेव्हा डोळे मिटून घेतले. "दुखत असंल त्यांना," कुणीतरी म्हणालं. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. घरी आईनं विचारलं, "कसं हायती तुजं वस्ताद?" आई उस्तादांना वस्तादच म्हणायची, तालमीतल्यासारखं. मी म्हटलं, "बरं हायती." उस्तादांना मीच वाचवलं, असं तिनं शेजारपाजारी सांगून ठेवलं होतं. पेपरात बारीकशी बातमीही आली होती. ती तिनं कापून ठेवली.

पुढच्या वर्गाला सहायक म्हणून मला बोलावणं आलं. उस्ताद काठी घेऊन चालत होते. इस्त्री तशीच, कलप तसाच. माझ्याशी कामापुरतं बोलायचे आणि बोलताना माझ्या खांद्यापलीकडं कुठंतरी बघायचे. पंचवीस-तीस नवी पोरं, दोन मुली. मी मागच्या बाजूला उभी असायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी तो नियम सांगायला घेतला. 'आत ऐकलेलं...' एवढं म्हणाले आणि थांबले. काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"ह्यो नियम मी लय वर्सं शिकवला," ते म्हणाले. "आतल्या पावण्यासाठी केला हुता. पर बाहेरनं गेलेल्याला आतल्यानंच जखम केली तर त्यानं काय करायचं, ते म्या कवा शिकवलं न्हाई. गेल्या वक्ताला म्या सोता आत अडकलो हुतो. ही पोरगी मला काढाय आली हुती. आन् म्या हिची जात काढली."

पंचवीस-तीस माना एकदम माझ्याकडं वळल्या.

ते बोलत राहिले. शब्द न् शब्द सांगितला. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते खोटं नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि सगळे मला बघत होते. काहींनी नजर पटकन खाली घेतली. एक जण माझ्याकडं अशा दयेनं बघत होता की त्याला थोबाडीत द्यावीशी वाटली. त्या सकाळपर्यंत मी त्यांची सहायक होते. जॅक कसा लावायचा ते दाखवणारी ताई. आता मी ती झाले, जिची जात काढली गेली.

जेवताना मुलींपैकी एकीनं मी न मागता तिची भाकरी माझ्या ताटात घातली. आणि मागं कुणीतरी म्हणत होतं, "उस्तादांचं मन बघ किती मोठं. कोण कबूल करतंय आजकाल?"

दुपारी पाण्याच्या टाकीजवळ ते माझ्याकडं आले. खूप दिवसांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघत होते. चेहरा हलका झाला होता.

"पोरी, लय दिस झोप नव्हती मला. आज बोललो. बरं वाटलं."

"तुमाला वाटलं," मी म्हटलं.

ते गोंधळले.

"मला इचारायचं तरी, उस्ताद."

"मला वाटलं, चार लोकांत बोललो म्हंजी..."

"चार लोकांत तुमी मोठं झालासा. माजं काय झालं, बघितलासा का?"

टाकीचा नळ गळत होता, तो त्यांनी उगाच घट्ट करायचा प्रयत्न केला. तो होईना. मग काठी टेकत गेले. दुसऱ्या दिवशीपासून ते वर्गाला आले नाहीत. पाय दुखतोय म्हणून कळवलं होतं. उरलेले दिवस मी शिकवलं. तो नियम मी शिकवला नाही. काय शिकवावं ते मला कळेना.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी, ते इस्लामपूरला आमच्या घरी आले.

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. गल्लीच्या तोंडाशी काठीचा आवाज आला. ते विचारत विचारत आले असणार, कारण मागून दोन-तीन पोरं येत होती. शर्ट इस्त्रीचा, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मला बघून थांबले.

"तुज्या आईला भेटाय आलोय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तुला इचारतोय. बोलू का तिच्याजवळ?"

"नगं," मी म्हटलं. "तिला कायबी माहीत न्हाई. तिला नगं."

ते मान हलवून तिथूनच वळायला लागले होते. पण तोवर आई दारात आली होती.

"कोन आलंय गं?"

"उस्ताद," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आवं, या की! बाहीर का हुबं? या, या." आईची धांदल उडाली. तिनं पदर सावरला, खुर्ची पुसली, पंखा लावला. उस्ताद दारात चाचरत म्हणाले, "जयभीम, आक्का." त्यांच्या तोंडी तो शब्द नवा होता, घरून घोकून आल्यासारखा. आई इतकी खूश झाली की, तिनं दोन्ही हात जोडून तो परत केला आणि माझ्याकडं बघितलं, ऐकलंस का, अशा नजरेनं.

ते खुर्चीच्या कडेवर बसले. आईनं चहा केला, ठेवणीतल्या कपबशीत. तो त्यांच्या पुढं ठेवला, आणि मी बघत राहिले. ते पितात का नाही ते. ज्या माणसानं माझ्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यालेलं मी पाहिलं होतं, त्याच माणसाकडं मी असं बघत होते. आणि आपण असं बघतोय याची मला लाज वाटली. त्यांनाही ते कळलं. त्यांनी कप उचलला आणि चटका बसेल इतक्या घाईनं घोट घेतला.

आई समोर खाली बसली होती. भिंतीवरचा वडिलांचा वर्दीतला फोटो दाखवून झाला. कापून ठेवलेली बातमी दाखवून झाली.

"तुमास्नी एक सांगू का वस्ताद?" ती म्हणाली. "ही बंबावर जाती म्हनाली तवा मला लय भ्या वाटलं हुतं. आगीचं न्हवं. मानसांचं. हिच्या बापानं लय सोसलं हो त्या नोकरीत. वरनं ग्वाड बोलायची लोकं, आन् राग आला की पैल्यांदा जात काढायची. घरी यिऊन जेवायचा न्हाई त्यो. म्हनून म्या हिला रोज इचारायची, कुनी काय बोललं का? ही म्हनायची, न्हाई आये, आमचं उस्ताद हायती तितं. त्यांनी एकदा बी तसला शबुद काढला न्हाई."

उस्तादांनी कप दोन्ही हातांनी धरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सांगू दे, असं त्यांचे डोळे म्हणत होते. मी मान हलवली नाही, काही केलं नाही. फक्त बघत राहिले. आत अडकलेल्या माणसाजवळ बसून राहतात तशी मी तिथं बसले होते, आणि या वेळी मला त्यांना बाहेर काढायचं नव्हतं.

"तुमच्यासारकी मानसं हायती म्हनून आमची पोरं जगत्याती," आई म्हणाली. "आनि थोडा घ्या की."

ती उठली आणि त्यांच्या कपात उरलेला चहा ओतला. त्यांनी नको म्हटलं नाही. मान खाली घालून तो सगळा प्याले. मग काठी शोधली. ती खुर्चीलाच लावलेली होती, तरी त्यांना सापडत नव्हती. मी ती उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांचा हात गार होता. आईला नमस्कार करायला ते वाकले, इतके खाली की, ती दचकून मागं सरकली, "आवं, हे काय, तुमी मोठं."

गल्लीतून वळेपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही.

आई दारात उभी राहून बघत होती.

"किती लाजरा मानूस गं," ती म्हणाली. "तोंड वर करून दोन शब्द बोलला न्हाई."

मी कपबशी उचलून मोरीत नेली आणि नळ सोडला.